रसद मोजायला शिकूया





२०२५ च्या दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या दिवशी मधल्या सुट्टीत नववीतला एक विद्यार्थी माझ्या खोलीत आला. चेहरा आनंदाने फुललेला. म्हणाला, "मॅडम, मी मराठ्यांकडून खेळलो आणि सगळा हिंदुस्थान जिंकला!"

चौकशी केली तेव्हा कळले की त्याने 'एम्पायर: टोटल वॉर' नावाचा संगणकावरचा खेळ घेतला आहे. हा खेळ २००९ मध्ये बाजारात आला. त्यात १७०० सालापासूनचे जग मांडलेले आहे आणि मराठ्यांचे राज्यही खेळायला मिळते. खेळ जुना झाल्यामुळे सवलतीत अगदी स्वस्तात मिळाला, दुकानात जावे लागले नाही, घरबसल्या संगणकावर उतरवून घेतला.

मी विचारले, "मग मराठे आणि निजाम भोपाळला कसे लढले ते सांग बरे."

तो गोंधळला. "आपल्या भोपाळात?"

होय, आपल्याच भोपाळात. मित्रांनो, माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठ्यांचा इतिहास मीही उशिराच वाचला. पण ही हकीकत भोपाळच्या प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवी. १७३७ मध्ये बाजीराव पेशवे थेट दिल्लीपर्यंत धडकून आले, तेव्हा बादशहा मुहम्मदशहाने निजामाला मदतीला बोलावले. मोठी फौज आणि भारी तोफखाना घेऊन निजाम त्या वर्षाच्या डिसेंबरात भोपाळला पोहोचला आणि तटाच्या व तलावाच्या आश्रयाने बसला. बाजीरावांकडे तसा तोफखाना नव्हता. त्यांनी तटावर डोके आपटले नाही. घोडदळाने चारी बाजूंनी वेढा घालून धान्य आणि चारा तोडला. दक्षिणेतून येणारी कुमक अडवण्याची कामगिरी चिमाजी अप्पांकडे होती. तोफा होत्या, माणसे होती, पण दाणापाणी संपले. ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा येथे तह झाला. निजामाने माळवा आणि नर्मदा-चंबळ यांमधला मुलूख पेशव्यांना देण्याचे कबूल केले, शिवाय बादशहाकडून युद्धखर्चाचे पन्नास लाख रुपये मिळवून देण्याचेही.

यातला बोध एका वाक्यात सांगता येतो. मोठी तोफ दिसते, रसद दिसत नाही. आणि निकाल रसदच लावते.

आता हे सगळे आज आठवण्याचे कारण सांगते. त्याच आठवड्यात त्या मुलाचे वडील मला भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, खेळ स्वस्त मिळाला हे खरे. पण घरच्या जुन्या संगणकावर तो अडखळत चालतो, म्हणून चिरंजीवांना आता नवा संगणक हवा. कंपनीकडून थेट ऑनलाइन मागवला की स्वस्त पडतो म्हणतो. काय करू?" आपल्याकडे म्हण आहेच, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

आणि अगदी हाच प्रश्न या वर्षी आपल्या शाळेपुढेही उभा आहे. आपल्या प्रयोगशाळेतले संगणक विंडोज १० वर चालतात. १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने त्या प्रणालीचा नियमित आधार थांबवला आणि आपली बरीच यंत्रे नवी प्रणाली घेऊ शकत नाहीत. नवे संगणक घ्यावे लागणार. काही विश्वस्तांचे म्हणणे, कंपनीकडून थेट मागवा, मधला व्यापारी नको. काहींचे म्हणणे, एम. पी. नगरमधल्या ओळखीच्या दुकानातून घ्या. दोन्ही बाजूंचा हेतू चांगला आहे. पैसा मात्र पालकांनी पोटाला चिमटा काढून भरलेल्या फीचा आहे, म्हणून माझे मत इथे स्पष्ट मांडते.

थेट विक्रीची पद्धत काही लबाडी नव्हे. १९८४ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मायकेल डेल या एकोणीस वर्षांच्या मुलाने वसतिगृहाच्या खोलीतून हा धंदा सुरू केला. पुढे त्याच्या कंपनीची रीत अशी झाली की गिऱ्हाईक आधी मागणी नोंदवणार, मग त्याला हवा तसा संगणक जुळवला जाणार. गोदामात माल पडून राहत नाही, मधल्या माणसाचा नफा वाचतो. १९९६ पासून ही विक्री इंटरनेटवर सुरू झाली. एक प्रकारे ही कमी सामानाची, चपळ फौजच म्हणायची. पण पुढचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. याच कंपनीने २००७ मध्ये अमेरिकेत वॉलमार्टच्या दुकानांतून संगणक विकायला सुरुवात केली. वस्तू हाताळून, समोरच्या माणसाला दोन प्रश्न विचारून घेणारी गिऱ्हाइके जगात सगळीकडेच आहेत.

माझे स्वतःचे दोन्ही अनुभव झाले आहेत. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून थोडे पैसे वाचवायला मी कच्च्या बिलावर संगणक घेतला. हार्ड डिस्क बिघडली तेव्हा दुकानदाराने ओळख दिली नाही. चूक माझीच होती, पक्के बिल मागितले नव्हते. दुसऱ्या वेळी भाच्यासाठी ऑनलाइन लॅपटॉप मागवला. तो बिघडला, खोक्यात भरून परत पाठवला आणि तीन आठवडे वाट पाहिली. त्याच दिवसांत त्याच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. हिंदीत म्हणतात ना, सस्ता रोये बार बार, महँगा रोये एक बार. माझ्यावर तर दोन्हीकडून रडायची पाळी आली!

म्हणून माझे मत असे की, 'ऑनलाइन की दुकान' हा प्रश्नच अपुरा आहे. खरे प्रश्न तीन आहेत. पहिला, आजच्या भावासोबत पुढच्या पाच वर्षांचा खर्च किती? यूपीएस, दुरुस्ती, वाढीव वॉरंटी, सगळे धरून. दुसरा, यंत्र बंद पडले तर कोण येणार, किती दिवसांत, आणि ते लेखी आहे का? प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी याच प्रश्नाला किंमत असते. तिसरा, तक्रार कोणाकडे करायची? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या संस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि महिनाभरात निवारण करावे असा नियम आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. किती पालकांना हे माहीत आहे?

आपल्या पालकांपैकी काहींची छोटी दुकाने आहेत. त्यांच्यावर दया म्हणून महाग घ्यावे असे मी म्हणत नाही. पण रात्री नऊ वाजता स्कूटरवर येऊन यंत्र सुरू करून देणाऱ्या माणसाच्या त्या धावपळीलाही मोल आहे. ते हिशेबात लिहा, मग तुलना करा. ते लिहूनही ऑनलाइन स्वस्त पडले तर खुशाल ऑनलाइन घ्या.

माझी विश्वस्तांना नम्र विनंती आहे की, निर्णयापूर्वी नववी आणि अकरावीच्या मुलांना हा तक्ता तयार करू द्यावा. त्यांनी दुकानांतून आणि कंपन्यांकडून भाव आणावेत, अटी वाचाव्यात आणि पालकसभेत मांडावेत. निर्णय आपलाच राहील. मुलांना मात्र खरी रणनीती शिकायला मिळेल.

पालकांना एक सांगणे. असे खेळ सरसकट बंद करू नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे, त्यांची गोष्ट वेगळी. डावपेचांच्या खेळात मात्र मूल पुढची चार पावले पाहायला शिकते, फौज ठेवली तर तिचा खर्चही येतो हे शिकते. फक्त त्याच्या हाती एक वही द्या. खेळाची किंमत, खेळलेले तास, त्यापायी मागितलेल्या नव्या वस्तू, सगळे त्याने स्वतः लिहावे. स्वस्त आहे म्हणून घेतलेले आणि कधीच न उघडलेले खेळही लिहावेत.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले होते. पंधरा दिवसांनी तो वही घेऊन आला. नव्या संगणकाचा पाच वर्षांचा खर्च त्याने मांडला होता. शेवटची ओळ लाल पेनाने लिहिलेली होती: "जुन्या संगणकात रॅम वाढवली तर दहावीपर्यंत भागेल."

नंतर म्हणाला, "मॅडम, रविवारी बाबांबरोबर दोराह्याला जाऊन आलो."

बाळांनो, हिंदुस्थान जिंकल्यापेक्षा मला याचा जास्त आनंद झाला.

आपली,
प्राचार्या