कन्सोलातली रंगपंचमी

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. तो रंग मीच लावला होता.

झालं असं. आमच्याकडे रात्रीचा बॅकअप घेणारी एक स्क्रिप्ट आहे. साधी, म्हातारी, इमानदार. प्रत्येक डेटाबेसमागे एक ओळ लिहायची: सुरुवातीला 'ओके' किंवा 'फेल्ड', पुढे डेटाबेसचं नाव. तिच्या मागोमाग दुसरी स्क्रिप्ट यायची, लॉगमधल्या 'फेल्ड'ने सुरू होणाऱ्या ओळी ग्रेपने मोजायची आणि एक जरी सापडली तरी आम्हाला मेल पाठवायची. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चालू होतं. मग एका शुक्रवारी दुपारी हाताला काम नव्हतं म्हणून मी 'ओके' हिरवं केलं आणि 'फेल्ड' लाल. टीममध्ये कौतुक झालं. एकाने चहा पाजला.

त्यानंतर कोणीतरी एका डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि पुढच्या अठरा रात्री त्याचा बॅकअप झालाच नाही. मेल एकही आली नाही. हे कळलं कधी, तर ग्राहकाकडून चुकून एक टेबल उडालं आणि "कालचा बॅकअप टाका ना जरा" असा फोन आला तेव्हा. कालचा नव्हता. परवाचाही नव्हता. मधल्या दिवसांच्या नोंदी त्यांच्या माणसांनी कागदी पावत्या समोर ठेवून पुन्हा टाइप केल्या. नऊ दिवस लागले त्यांना. माझा तो शुक्रवारचा उद्योग वीस मिनिटांचा होता.

आता खरी गंमत ऐका (गंमत माझी, त्यांची नव्हे). लॉग स्क्रीनवर काढला की लालभडक 'फेल्ड' दिसतंय, आणि ग्रेप म्हणतोय शून्य. स्पेलिंग तपासलं. ओळीच्या आधी स्पेस आहे का पाहिलं. एन्कोडिंगवर संशय घेतला. तास गेला. शेवटी मागच्या खुर्चीवरून आमचा एक टेस्टर म्हणाला, "अरे, कॅट मायनस व्ही लावून बघ ना." लावलं. 'फेल्ड'च्या पुढ्यात चिन्हांची रांग उभी: टोपी, दोन चौकोनी कंस, ३१, एम. म्हणजे ओळ 'फेल्ड'ने सुरू होतच नव्हती!

मी विचारलं, "तुला कसं सुचलं रे?"

तो म्हणाला, "मी रोज असंच बघतो. लाल-हिरवं मला जवळपास सारखंच दिसतं. ३१ आला की समजायचं फेल, ३२ आला की पास."

दोन वर्षं तो आमच्यात होता. आमचा टेस्ट-रनर प्रत्येक टेस्टमागे फक्त एक टिंब छापतो, हिरवं किंवा लाल. मागे एकदा मीटिंगमध्ये मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "दिसत नाही का, लाल आहे ना ते!" तो तेव्हा काही बोलला नव्हता.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टर्मिनलला रंगाचा निरोप वेगळ्या वाटेने जात नाही, तो मजकुरातच कालवलेला असतो. एस्केप नावाचं एक न दिसणारं अक्षर (क्रमांक २७), मग चौकोनी कंस, आकडा, एम. ३१ म्हणजे लाल, ३२ हिरवा, ० म्हणजे सगळं पूर्ववत. (तो शून्य विसरलात की पुढचा सगळा स्क्रीन लाल. हा अनुभव प्रत्येकाने एकदा घेतलाय.) ही भाषा घरोघर नेणारं डेकचं व्हीटी१०० टर्मिनल १९७८ सालचं, आणि ते स्वतः रंगीत नव्हतंच! बिचारं ठळक करायचं, अधोरेखित करायचं, उघडझाप करायचं. विंडोजच्या कन्सोलला तर ही चिन्हं विंडोज १० येईपर्यंत धड कळतच नव्हती, तिथे रंगाऐवजी डावीकडे तोंड केलेला बाण आणि कंसांचा कचरा सांडायचा. त्याच कन्सोलातला काळ्यावरचा गडद निळा आठवतो? तो वाचायला मायक्रोसॉफ्टलाच इतका त्रास झाला की २०१७ मध्ये त्यांनी सगळी रंगसंगती बदलली.

असो. मुद्दा असा, की रंग लावायच्या आधी प्रोग्रामने एक प्रश्न विचारायचा असतो: समोर टर्मिनल आहे, की मी फाइलमध्ये लिहितोय? त्यासाठी युनिक्समध्ये एक फंक्शन कधीपासून आहे, एका ओळीचं काम. 'एलएस'ला 'ऑटो' सांगितलं की तो हा प्रश्न विचारतो. गिट २०१३ पासून न सांगता विचारतो. माझ्या स्क्रिप्टने विचारला नाही. रात्री अडीच वाजता क्रॉन ती चालवतो, तेव्हा तिथे बघायला कोण बसलेलं असतं? मी रंग कोणासाठी लावला होता?

आणि मी एकटा नाही. हल्ली दर दुसऱ्या लायब्ररीला वाटतं की आपलं आउटपुट म्हणजे गणपतीची आरास. 'नो_कलर' नावाचा साधा संकेत २०१७ मध्ये मांडला गेला: हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल रिकामं नसेल तर बाबांनो, रंग लावू नका. इतकंच. तेही न पाळणारे महाभाग आहेत. वर युक्तिवाद असा, की "बिल्ड सर्व्हरवर टर्मिनल नसतं, पण लॉग रंगीत हवा असतो." मग हवा असेल त्याने सांगून मागावा! एकाला मागायचा कंटाळा म्हणून बाकी सगळ्यांच्या फायलींत चिन्हं सांडायची, हे कुठलं गणित? "पण बहुतेकांना रंग आवडतो" हे दुसरं पालुपद. मलाही आवडतो. पण युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्याची गल्लत होते. आपल्याकडे प्रमाण कमी सांगतात, पण आमच्या बारा जणांच्या टीममध्ये एक निघालाच, आणि तो टेस्टिंगला!

नाकापेक्षा मोती जड झालाय. 'फेल्ड' हा शब्द लिहिला असेल तर तो लाल करा, पिवळा करा, माझी हरकत नाही. पण शब्द काढून नुसता रंग ठेवलात, तर तुम्ही निरोप लिहिलेलाच नाही. टिंबाला अर्थ नसतो हो. आणि चूक झाली की ती त्या टिंबाकडे बघणाऱ्याच्या माथी मारायची, हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो.

बॅकअपच्या स्क्रिप्टमधला रंग त्याच संध्याकाळी काढला. टेस्ट-रनर मात्र बाहेरचा आहे. त्यांना लिहिलं, तर उत्तर आलं की टिंबं "सुटसुटीत" दिसतात. म्हणून काल रात्री बसून त्याच्यावर एक छोटं वेष्टण चढवलं: टिंबाच्या जागी 'पी' आणि 'एफ', रंग मागितला तरच. सोमवारी मागच्या खुर्चीवाल्याला दाखवणार आहे. त्या मीटिंगबद्दलही बोलायचं आहे, ते चहाच्या टपरीवर.