अंतर तेच, मग तास का वाढले?

दिवाळी झाली की आमच्या वडोदऱ्यातल्या मंडळात उन्हाळ्याच्या अमेरिकेच्या तिकिटांची चर्चा सुरू होते. लेकीचे बाळंतपण, नातवाची मुंज, नाहीतर नुसतेच चार-सहा महिने राहून येणे. यंदा एक प्रश्न वारंवार कानावर येतो: दिल्लीहून थेट म्हणून घेतलेले विमान मध्येच व्हिएन्नाला का थांबते?

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला हल्ला झाला आणि २४ तारखेला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. ३० एप्रिलला भारतानेही तेच केले. तेव्हापासून दोन्हीकडून महिन्या-महिन्याने मुदत वाढते आहे. बालाकोटनंतर २०१९ मध्येही असे झाले होते, पण त्या वेळी १६ जुलैला रस्ता खुला झाला. यंदा दिवाळी उलटली तरी चिन्ह नाही.

याचा अर्थ ताश्कंदच्या उदाहरणावरून चटकन कळतो. दिल्लीहून ताश्कंद सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कोलकात्याएवढे. तरीही इंडिगोला ही सेवा एप्रिलअखेरच थांबवावी लागली. वळसा घालून जायचे तर त्यांच्या लहान विमानांचा पल्लाच पुरत नाही.

अमेरिकेची विमाने मोठी, पण इंधनाचा हिशेब तोच. दिल्लीहून निघालेले भारतीय विमान आधी नैर्ऋत्येला वळून गुजरातमार्गे अरबी समुद्रावर जाते आणि मग पश्चिमेची वाट धरते. (आपल्यापैकी कोणी दिल्लीला जाऊन विमान पकडले, तर तो बहुधा गुजरातवरूनच परत जातो!) वाढलेले इंधन एका दमात पुरत नाही, म्हणून काही उड्डाणे व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला थांबतात. एअर इंडियाने दिल्ली-वॉशिंग्टन सेवा तर १ सप्टेंबरपासून बंदच केली. विमानांच्या नूतनीकरणाबरोबर हेही कारण तिने दिले. मुंबईहून वळसा त्या मानाने कमी पडतो.

परदेशी कंपन्यांना पाकिस्तानवरून जायला ही बंदी नाही. मात्र अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांना २०२२ पासून रशियाचे आकाश बंद आहे, भारतीयांना ते खुले आहे. ज्याची त्याची भिंत वेगळी.

नकाशावरचे किलोमीटर तसेही फसवे असतात. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झाले, तरी पाठीमागून वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत आटोपला, नेहमीपेक्षा लवकर.

तरुणांना दोन-तीन तास जास्त बसणे जमते. सत्तरी ओलांडलेल्या, इन्सुलिन घेणाऱ्या, गुडघे धरलेल्या माणसाला ते जड जाते. शिवाय ‘डायरेक्ट’ म्हणजे ‘नॉनस्टॉप’ नव्हे: विमानाचा क्रमांक तोच राहतो, पण वाटेत थांबा असू शकतो. आमच्या मते हा थांबा तिकीट काढतानाच ठळकपणे सांगितला गेला पाहिजे. तोवर मुलांनी आई-बाबांचे तिकीट काढताना नुसते भाडे पाहू नये. एकूण तास किती, थांबा कुठे, तिथे खाली उतरावे लागते का, हे विचारावे आणि औषधांच्या वेळा त्या हिशेबाने डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. निघण्याच्या आठवड्यात वेळापत्रक पुन्हा एकदा पाहावे.