खडकावरचे पाळणाघर

मालवणच्या किनाऱ्यावर ओहोटीला खडक उघडे पडतात आणि त्यांवरचे शैवाल आपण पर्यटक चपलांनी तुडवतो. मीही तुडवले आहे. सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालाला मुळे नसतात. ते खडकाला घट्ट धरून वाढते. त्याच्याच आडोशाला माशांची पिल्ले, खेकडे, शंखशिंपले जगतात. गाळाने गढूळलेले पाणी त्याचा सूर्यप्रकाश अडवते, सांडपाण्यावर पोसलेले हिरवे शैवाल त्याची जागा बळकावते, होड्यांचे नांगर त्याला खरवडतात. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण नकाशावरच्या रेषेने ना गाळ अडतो, ना सांडपाणी. जाळ्यात मासळी घटली की आपण समुद्राला बोल लावतो. पिल्लांचे पाळणाघर कोणी मोडले, हे कधी विचारणार?