व्यवहारनियमांच्या सुधारकांस

बिटकॉइनसारख्या चलनाचे व्यवहारनियम म्हणजे अखेर संगणकाची आज्ञावलीच, ती मोबाइलमधल्या अ‍ॅपप्रमाणे वरचेवर सुधारलीच पाहिजे, व्यवहारांचे गठ्ठे, म्हणजे ब्लॉक, रचणाऱ्या बहुसंख्य मायनरांनी रुकार दिला की प्रश्न मिटला आणि यावर जो शंका घेईल तो सनातनी, असे एक तत्त्वज्ञान अलीकडे मोठ्या ऐटीत मांडले जात आहे. ते एका वाक्यात आटोपते, हा त्याचा गुण प्रारंभीच मान्य करून टाकतो. दुसरा मला सापडलेला नाही.

कोणता व्यवहार ग्राह्य आणि कोणता अग्राह्य, याचा निवाडा जगभर विखुरलेले हजारो नोड, म्हणजे ही आज्ञावली चालविणारे संगणक, आपापल्या जागी स्वतंत्रपणे करतात आणि ते सारे निवाडे जुळतात म्हणूनच ब्लॉकमागून ब्लॉक जोडून झालेल्या सामाईक खातेवहीस, म्हणजे साखळीस, किंमत आहे. ते न जुळले की एका खातेवहीच्या दोन होतात. असे होण्यास नियम बदलण्याचा हेतूही असावा लागत नाही. २०१३ च्या आरंभी बिटकॉइनच्या ०.८ या आवृत्तीत नोंदी साठविण्याची व्यवस्था तेवढी बदलली, बर्कली डीबी जाऊन लेव्हल डीबी आली, व्यवहारनियमांच्या एका अक्षरासही कोणी हात लावला नाही. परंतु जुन्या व्यवस्थेत एका वेळी किती नोंदींना कुलूप लावता येईल याची एक मर्यादा दडलेली होती, आणि मार्च महिन्यात त्या मर्यादेबाहेर जाणारा एक ब्लॉक येताच नव्या आवृत्तीने तो स्वीकारला, जुनीने नाकारला आणि साखळी दुभंगली. जी मर्यादा कोणी नियम म्हणून लिहिली नव्हती, ती इतकी वर्षे नियम म्हणूनच अंमल गाजवीत होती! मायनिंगचे बळ नव्या बाजूस अधिक होते. सुधारकांच्या न्यायाने तिचाच विजय व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात नवे नोड जुनी साखळी मानू शकत, जुने नोड नवी मानू शकत नसत, म्हणून बहुमताची बाजूच मोडीत काढावी लागली, चोवीस ब्लॉक रद्द झाले, प्रत्येकी पंचवीस बिटकॉइनचे मोबदले बुडाले, आणि दरम्यान एका गृहस्थाने तेच पैसे दोनदा खर्चून दाखविले. सुधारकांच्या मते ही किरकोळ अडचण असावी. पैसे दुसऱ्याचे असले की अडचणी किरकोळच असतात.

बहुमताच्या रुकाराचे मोल तरी काय? जुलै २०१५ मध्ये स्वाक्षऱ्यांविषयीचा एक कडक नियम पंच्याण्णव टक्के संमतीनंतर अमलात आला, आणि संमती देणाऱ्यांपैकीच काहींनी ब्लॉक न तपासता त्यावर पुढचे ब्लॉक रचल्यामुळे सहा ब्लॉकांची बेकायदा साखळी उभी राहिली. मसुद्यावर शिक्का मारणे सोपे असते. इथेरियम या दुसऱ्या साखळीत २०१६ साली चोरीस गेलेले इथर, म्हणजे तिचे नाणे, परत मिळविण्यासाठी नियम वाकविला, तेव्हा एका नाण्याची दोन नाणी झाली. ब्लॉकच्या आकाराचा जुना तंटा उकरण्याची मला हौस नाही. पण एक मेगाबाइटची मर्यादा उठविणे हे सहज काम असल्याचे तेव्हा बजावणारे पुष्कळ होते, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्याच तंट्यातून बिटकॉइन कॅश हे नाणे वेगळे निघाल्यावरही त्यांचा आवाज बसलेला नाही.

मग नियम कधीच बदलू नयेत काय? बदलावेत; परंतु शक्य तेथे नियम असा कसावा की नव्या नियमाने ग्राह्य ठरलेले जुन्या नोडांसही ग्राह्यच वाटावे, आणि ते अशक्य असेल तेथे पुरेशी मुदत जाहीर करावी. उपरोक्त कुलुपांची मर्यादाही पुढे १५ मे २०१३ ही तारीख आगाऊ देऊनच उठविण्यात आली. तहकुबीचीही लाज बाळगू नये. जानेवारी २०१९ मध्ये इथेरियममधील एक शुल्ककपात अमलात येण्याच्या ऐन तोंडावर असे आढळले की, साखळीवर आपोआप चालणारे, तोवर निर्धोक असलेले काही करार तिच्यामुळे लुटीस मोकळे होतील. सारा बदल तहकूब झाला आणि फेब्रुवारीअखेर ती कपात वगळूनच अमलात आला. आमच्या सुधारकांस या दिरंगाईत भित्रेपणा दिसतो. त्या करारांत ज्यांची रक्कम होती, त्यांना तो दिसल्याचे माझ्या ऐकिवात नाही.