चोर मेला, मग पुढे काय?

दिवाळीच्या सुट्टीत माढ्याला घरी आम्ही 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा फाशांचा खेळ मांडला होता. सापळा आला की सगळे एकाच्याच मागे, "तू चोर ना? टाक फासे!" बाकीचे चहा पीत बसायचे. चोर मेला आणि आमची पार वाट लागली.

१९७४ साली खेळ निघाला तेव्हा योद्धा, जादूगार, धर्मगुरू एवढेच होते. चोर १९७५ मध्ये आला. त्याआधी दहा फुटी काठीने फरशी ठोकून बघणं सगळ्यांचंच काम! माझं स्पष्ट मत : सापळा सगळ्यांनी शोधावा, चोराने फक्त कुलूप काढावं.

आणि हो, प्रोजेक्टचं सगळं कोडिंगही आपण एकावरच टाकतो. व्हायवाच्या दिवशी तो आजारी पडला तर?