दारूपेक्षा लपवाछपवी धोक्याची

मुक्काम : सेक्टर २२, चंडीगड

पश्चिम कमांडचं मुख्यालय असलेलं चंडीमंदिर इथून जवळच, त्यामुळे सेक्टर २२ च्या बाजारात माजी सैनिक हमखास भेटतात. नोकरीतल्या पोरांसाठी त्यांचा एक सल्ला ठरलेला असतो : "दारूबद्दल विचारलं तर 'कधीतरी' लिहायचं आणि मोकळं व्हायचं." सल्ला मायेपोटी असतो, पण तो पोराचाही घात करतो आणि पलटणीचाही.

आधी कायदा पाहू. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम ४८ म्हणतं की नशेत सापडणं हा गुन्हा आहे, ड्यूटीवर असो वा नसो. अधिकारी बडतर्फ होऊ शकतो, जवानाला जास्तीत जास्त २ वर्षं कैद होऊ शकते. कलम ५७ सरकारी कागदात जाणूनबुजून खोटं लिहिण्याबद्दल आहे. तिथे कमाल शिक्षा १४ वर्षं. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा.

हा फरक उगाच नाही. गुप्त कागद ज्याच्या हाती द्यायचे, त्याच्याबद्दल मुख्य प्रश्न असतो : याला कोणी वाकवू शकेल का? ज्याचं व्यसन सीओला, डॉक्टरला आणि घरच्यांना ठाऊक आहे, त्याला धमकावायला कुणाकडे काय उरतं? ज्याने लपवलं, त्याची दोरी मात्र गुपित कळलेल्या पहिल्या माणसाच्या हातात जाते. पिणारा बरळतो, हेही खरं. म्हणून उपचार होईपर्यंत त्याला नाजूक जागेवरून हलवावंच. पण हलवायला आधी कळायला हवं.

अमेरिकेत सुरक्षा मंजुरीसाठी १३ निकष आहेत. दारूच्या निकषात परतीची वाट आहे : व्यसन मान्य केलं, उपचार घेतले, संयम टिकवून दाखवला, तर ते जमेस धरतात. माहिती दडवणं हा तिथे वेगळा दोष आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ च्या अवतार सिंग निकालात सांगितलं की पडताळणीच्या अर्जातली माहिती खरीच हवी. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असं नाही, हेही त्याच निकालात आहे.

इथेच सुभेदार साहेब हसतात. "साहेब, खरं बोलला तो मेला." त्यांचं चुकत नाही. मेडिकल कॅटेगरी घसरली की बढती अडते, कोर्स अडतात, चांगली पोस्टिंग अडते. मग कोण तोंड उघडेल?

म्हणून माझा राग जवानावर कमी आणि आम्हा अधिकाऱ्यांवर जास्त आहे. कोण किती पितो हे साऱ्या कंपनीला माहीत असतं, तरी अहवालावर 'समाधानकारक' लिहून सही होते. ही दया नव्हे. आपल्या कार्यकाळात भानगड नको, एवढाच तिचा अर्थ. पुढचा अधिकारी आणि त्या जवानाची बायको, दोघं त्याची किंमत मोजतात.

मागणी साधी आहे. स्वतःहून सांगणारा आणि पकडला गेलेला, यांना एकाच मापाने मोजू नका. पहिल्याला उपचार द्या, फेरतपासणीची तारीख द्या आणि तो सावरला की कॅटेगरीबरोबर जबाबदारीही परत द्या. व्यसनी माणूस पुन्हा उभा राहतो, हे पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून दाखवत आलं आहे. दुसऱ्यावर कायदा चालवा, आणि त्याच्या अहवालावर डोळे मिटून सही करणाऱ्यावरही.