कधीही पुरी न होणारी सायकल

जिन्याखाली उभ्या असलेल्या जुन्या सायकलीची आठवण घरातील माणसांना वर्षातून दोनदाच होते: एकदा दिवाळीची झाडलोट करताना आणि एकदा भंगारवाल्याची आरोळी कानी आली म्हणजे. वजनावर विकली तर तिचे पैसे थोडेच येतात. परंतु तीच सायकल घरी ठेवून तिच्यात सवडीने फेरफार करीत राहावे, तर त्यातून केवढा आनंद मिळतो, याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

येथे अभिप्रेत आहे ती आपल्या ओळखीची काळी, पोलादी, २८ इंची चाकांची आणि सळ्यांच्या ब्रेकची सायकल. तिचा घाट मूळचा इंग्रजी. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मद्रास, सोनीपत, आसनसोल आणि लुधियाना येथे सायकलींचे कारखाने उभे राहिले, आणि हा घाट देशभर रुजला. त्यांतील काही कारखाने पुढे बंद पडले. घाट मात्र टिकला. म्हणूनच एका कारखान्याच्या सांगाड्यात दुसऱ्याचा सुटा भाग बहुधा बिनतक्रार बसतो. शिवाय या यंत्राचे सारे अवयव उघडे असतात. झाकून ठेवलेले असे त्यात काही नाही. महागड्या वस्तूला पाना लावताना मालकाचाच हात कापतो. स्वस्त सायकल मात्र आपल्याला धीट करते.

एक उदाहरण घेऊ. साठी उलटली म्हणजे घरातील वडील मंडळी ‘आता चढ झेपत नाही’ असे म्हणून सायकल सोडून देतात. चढ काही कमी करता येत नाही आणि वयही करता येत नाही. दाते मात्र बदलता येतात. या सायकलीच्या पुढच्या चक्राला सामान्यतः ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतात. पायटा एकदा फिरला की चाकाचे सुमारे अडीच फेरे होतात आणि सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. मागे १८ च्या जागी २२ दात्यांचे फ्रीव्हील बसविले, तर चाकाचे बरोबर दोन फेरे होतील. वेग तितका कमी होईल हे खरे. पण पायाला लावावा लागणारा जोरही जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी होईल. चार दाते वाढले म्हणजे साखळी तोकडी पडते. तेव्हा तीत कड्यांची एक जोडी घालावी, किंवा जागा असेल तर चाक अर्धा इंच पुढे सरकवावे. एवढ्याशा कामाने वडिलांची सकाळची भाजी पुन्हा त्यांच्याच पिशवीतून येऊ लागली, तर तो लाभ पैशात मोजता येणार नाही.

मग एका फेरफारातून दुसरा सुचतो. चढ सोपा झाला की बैठक थोडी उंच हवीशी वाटते. बैठक उंचावली की हँडल उचलावेसे वाटते. अकरावी-बारावीतील मुलीने डायोडचा पाठ शिकलेला असेल, तर जुन्या डायनॅमोवर एलईडी दिवा कसा चालवावा हे तीच आपल्याला समजावून सांगेल. आम्हा भाषांतरकारांना या कामाचा थोडा हेवा वाटतो. छापखान्यात गेलेल्या मजकुराला पुन्हा हात लावता येत नाही. सायकल मात्र दर रविवारी नव्या आवृत्तीला तयार असते.

फेरफाराची ही कला काही नवी नव्हे. सायकल स्टँडवर उभी करून पायट्याने सहाणेचे चाक फिरविणारा धारवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. दुधाच्या बरण्यांसाठी कॅरियरला आकडे लावणारा गवळीही त्याच पंथातला. झारखंडात दोन-दोन क्विंटल कोळसा सायकलीवर लादून ती मैलोगणती ढकलीत नेणारे मजूर तिचा सांगाडा आधी मजबूत करून घेतात. त्यांच्यासाठी हा छंद नसून पोटाचा प्रश्न आहे, हे आपण रविवारचे कारागीर म्हणवून घेताना विसरू नये.

दोन पथ्ये मात्र अवश्य पाळावी. एका वेळी एकच फेरफार करावा. म्हणजे सायकल कुरकुरू लागली तर कारण शोधणे सोपे जाते. आणि ब्रेकच्या बाबतीत काटकसर करू नये. पोलादी धाव पावसात ओली झाली की रबराची पकड फार ढिली होते. तेव्हा रबरे वेळेवर बदलावी, धावेला तेलाचा हात लागू देऊ नये आणि दुरुस्त केलेली सायकल प्रथम मोकळ्या गल्लीत चालवून पाहावी. चाकाचा आउट काढणे हाताला बसेपर्यंत ते काम नाक्यावरच्या मिस्त्रीकडेच द्यावे. त्याच्याशेजारी बसून पाहिले तर शिकवणीही फुकट मिळते.

इतके भाग बदलल्यावर ती सायकल तीच राहिली काय, असे कोणी विचारील. आजीची गोधडी घ्या. तिला किती ठिगळे नवी लागली याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. घरात ती आजीचीच गोधडी असते.

येत्या रविवारी पुढचे चाक खोलून छर्रे रॉकेलमध्ये धुवावे, नवे ग्रीस भरावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. जवळ घरातील एखादे मूल अवश्य बसवावे. छर्रे मोजण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.